वाट पाहणारी माणसं

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ च्या सुमारास तिथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे, साडेआठला पुन्हा झाला की हवे तर चालू करायचे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती फोन आले होते. शाळा पुन्हा भरू लागल्या तरी ते हातातून सुटेनात आणि वर्गात मुलांचं लक्ष लागेना, अशी शिक्षकांची तक्रार होती. त्यातून हा निर्णय झाला. या भोंग्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येतं, आणि पडद्यावरचं जगणं व पडद्याबाहेरचं जगणं यांचा मेळ कसा घालायचा हा सगळा वाद त्या दोन तऱ्हांत सामावलेला आहे. तो दोन माणसांच्या तोंडी घातला तर त्याचे पदर नीट सुटतात. एक आहे निवृत्त मुख्याध्यापिका, दुसरा मोबाईल गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करणारा तिचा भाचा. दोघंही कल्पित आहेत, ती मांडतात ते पुरावे मात्र खरे आहेत. मला काय वाटतं ते मी मध्ये मध्ये सांगेन, कारण या प्रश्नात तटस्थ राहणं मला जमत नाही आणि राहावंसंही वाटत नाही.

आत्या : अरे, पोरांच्या हातात फोन आपणच दिले. २०२० मध्ये शाळांनी सांगितलं, वर्ग फोनवर भरणार. ज्या घरात एकच फोन होता तिथे बापाने तो कामावर न नेता घरी ठेवला, ज्या घरात नव्हता तिथे उसनवारी करून आणला. हा परत कसा घ्यायचा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता दहा-बारा वर्षांच्या मुलाने आपणहून खेळ थांबवावा, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते. तो थांबू नये म्हणून पलीकडे शेकडो हुशार माणसं राबताहेत, तूही त्यातलाच, आणि अलीकडे ते पोर एकटं. त्याला बाहेरून कुणीतरी आधार द्यायला हवा. भोंगा म्हणजे तो आधार. आणि हा म्हाताऱ्यांचा त्रागा आहे असं समजू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, २०२२ पासून ती यादी लागू आहे. बंगळूरच्या निमहान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक आहे. आजार म्हटला की पथ्य आलंच, आणि पथ्य घड्याळावरच पाळलं जातं.

भाचा : आत्या, त्या आजाराची व्याख्या मीही वाचली आहे. तिच्यात तासांचा आकडा कुठेच नाही. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, अशा तीन खुणा सांगितल्या आहेत. त्यापायी घर, नाती, शिक्षण किंवा काम यांत मोठा बिघाड व्हायला हवा, आणि तोही साधारण वर्षभर टिकलेला. तास मोजून हाती काय लागतं ते बघ. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात गेमच्या ३८,९३५ खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूंच्या सांगण्यावर न विसंबता त्यांनी कंपन्यांकडून प्रत्यक्ष खेळलेल्या वेळेच्या नोंदी घेतल्या. किती वेळ खेळलं याचा बरं वाटण्या-न वाटण्यावर परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. का खेळतो याचा संबंध मात्र दिसला. स्वतःच्या आवडीने खेळणारे बरे होते, ओढले गेल्यासारखे खेळणारे तितके बरे नव्हते. त्याआधी २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जे फरक असतात, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग त्यांना पडद्याशी जोडता आला. आणि तास मोजायचेच तर सगळ्यांचे मोज. न्यू जर्सीतल्या नातवाशी पुण्याची आजी व्हिडिओवर तासभर बोलते, तो तास तू कुठल्या खात्यात घालणार?

आत्या : आजीचा तास मी कुठल्याच वाईट खात्यात घालणार नाही, पण तुझ्या सरासरीत मूल हरवतं रे. वर्गात चाळीस मुलं असतात. अडतीस धड असली की वर्गाची सरासरी उत्तमच येते. शिक्षकाचं काम उरलेल्या दोघांपाशी सुरू होतं.

भाचा : त्या दोघांसाठी म्हणून दक्षिण कोरियाने काय केलं ते ऐक. २०११ मध्ये कायदा आला, सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. मुलांनी आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरून लॉगिन केलं. मोबाईलवरचे गेम कायद्यात नव्हते, काही तिकडे वळली. झोपेत पडलेला फरक नगण्य निघाला, आणि २०२२ च्या सुरुवातीला सरकारने तो कायदा मागे घेतला. चीनने २०१९ मध्ये मुलांना शाळेच्या दिवसांत रोज दीड तासाची मर्यादा घातली. पुढे २०२३ मध्ये कोट्यवधी तासांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्या मर्यादेमुळे अतिखेळ कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. तोपर्यंत २०२१ मध्ये त्यांनी मर्यादा आणखी आवळून शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच ठेवली होती. घड्याळाचा प्रयोग जगातली दोन बलाढ्य सरकारं करून बसली आहेत.

आत्या : मग वडगावात जे सोलमध्ये जमलं नाही ते कसं जमलं? तिथे तर पोलीस नव्हते, दंड नव्हता, लॉगिन अडवणारा सर्व्हर नव्हता. एक भोंगा, आणि घरोघर फिरणाऱ्या चार बायका.

आत्याचा हा प्रश्न मला सगळ्या वादाची किल्ली वाटतो. वरवर पाहता तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट झाली, घड्याळ लावून पडदा बंद. पण सोलमधल्या चौदा वर्षांच्या मुलापुढे रात्री बारा वाजता एक बंद झालेलं दार होतं आणि त्याचे आईबाप शेजारच्या खोलीत आपापले फोन बघत बसायला मोकळे होते. वडगावात सात वाजता आजीची मालिका बंद व्हायची, बापाचं व्हॉट्सॲप बंद व्हायचं, शेजारच्या मित्राचा फोनही बंद व्हायचा. सरपंचांनी कल्पना मांडली तेव्हा गावातल्या पुरुषांनी आधी ती हसण्यावारी नेली होती. मग पंचायतीने बायकांना एकत्र केलं. आपण मालिका फार बघतो, हे त्यांनी मान्य केलं आणि साऱ्या गावाने पडदे बंद ठेवावेत याला होकार दिला. पुढे आशा सेविका, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरून समजावू लागले. मुलाला काही सोडायला सांगणाऱ्या माणसाने आधी स्वतः काही सोडलं, हे त्या पोराला रोज डोळ्यांनी दिसत होतं. दुसरी गोष्ट, गेममध्ये आपण नसू तेव्हा सगळे मित्र तिथे असतील आणि आपण एकटे मागे पडू, ही मुलांची खरी धास्ती असते. गावातले सगळेच मित्र एका क्षणी बाहेर आले तर ती धास्तीच उरत नाही. दीड तासाचा आकडा इथे दुय्यम आहे. तो एक तास असता किंवा दोन, तरी चाललं असतं. चाललं ते गावातली माणसं एकमेकांना बांधलेली होती म्हणून.

इथवर मी आत्याच्या बाजूने आहे. पण आत्याला यातून जो निष्कर्ष हवा आहे, की पडदा विझला म्हणजे माणूस खऱ्या जगात परत आला, तो मला पटत नाही. भाच्यापाशी त्याचं उत्तर आहे.

भाचा : नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. १९८९ चा जन्म. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्युशेनचा आजार, त्यामुळे लहानपणीच व्हीलचेअर. पुढे पुढे त्याला फक्त बोटं हलवता येत होती. तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा, वर्षानुवर्षं, हजारो तास. आईवडिलांना वाटायचं, पोराचं आयुष्य वाया चाललंय, ना मित्र, ना प्रेम, ना कुणाच्या उपयोगी पडणं. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या ब्लॉगचा पासवर्ड घरच्यांकडे होता, वडिलांनी तिथे त्याच्या मृत्यूची बातमी टाकली. आणि अनोळखी माणसांच्या मेल येऊ लागल्या, लांबलचक. गेममध्ये त्याचं नाव इबेलिन होतं, स्टारलाइट नावाच्या गटात तो होता. नेदरलँड्समधल्या एका मुलीच्या आईवडिलांनी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला होता, तेव्हा त्याने त्यांना पत्र लिहिलं होतं. डेन्मार्कमधल्या एका आईला तिच्या ऑटिस्टिक मुलाच्या जवळ जाता येत नव्हतं. आधी गेममध्ये एकमेकांजवळ या, असं त्याने सुचवलं आणि तिथून त्यांच्यातलं अंतर कमी झालं. अंत्यविधीला पाच देशांतून पाच जण ओस्लोला आले. त्यातल्या कुणीही त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट जगाने पाहिला. आता सांग, हा मुलगा खऱ्या जगाबाहेर राहत होता का?

आत्या : ऐकून गलबलून येतं, खोटं कशाला बोलू. पण तू अपवाद पुढे करतोयस. त्या मुलाला दुसरी वाटच नव्हती. साताऱ्यातल्या धडधाकट पोरापुढे मैदान आहे, विहीर आहे, तालीम आहे. पाय असलेल्या मुलाने बसून राहणं आणि पाय गेलेल्या मुलाने बसून राहणं एक नव्हे.

एक नव्हेच. म्हणूनच या उदाहरणातून सरसकट गेमिंगची तरफदारी करणं चुकीचं ठरेल. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मॅट्सने आपला आजार गटापासून बरीच वर्षं लपवला होता. त्या काळात त्याचं तिथलं वागणंही सगळं गोड नव्हतं. माणसं दुखावली गेली, आणि त्यांनी त्याला तसं सुनावलं. २०१३ मध्ये त्याने ब्लॉगवर आजाराबद्दल मोकळेपणाने लिहायला घेतलं, आणि गटातल्या लोकांना तो खऱ्या अर्थाने कळू लागला. म्हणजे त्या जगात त्याला जाब विचारणारी माणसं होती, तो दिसेनासा झाला तर चौकशी करणारी होती, आणि त्याच्या शब्दावर विसंबून आपल्या घरातले निर्णय घेणारी होती. त्याने नेदरलँड्सला लिहिलेलं ते पत्र सगळा वाद मिटवतं असं मला वाटतं. गेममधल्या एका मैत्रिणीच्या घरच्या भांडणात पडण्याची जबाबदारी एका आजारी मुलाने स्वतःवर घेतली. समोर कुणी नाही असं समजून बटणं दाबणारा माणूस हे करत नाही.

धडधाकट मुलांचं काय होतं, याचंही उत्तर जुन्या अभ्यासात मिळतं. पिट्सबर्गमध्ये रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ घरांतल्या १६९ माणसांना त्यांच्या घरी इंटरनेट आल्यापासून पहिली एक-दोन वर्षं पाहिलं. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इंटरनेट जास्त वापरणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं घटलं होतं, ओळखीचं वर्तुळ आकसलं होतं, एकटेपणा वाढला होता. आत्याला हवा तो पुरावा. पण त्याच संशोधकांनी पुढे तीच माणसं पुन्हा पाहिली आणि २००२ मध्ये सांगितलं की ते वाईट परिणाम बहुतांशी विरून गेले. वेगळ्या लोकांवर केलेल्या नव्या पाहणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. जी माणसं मुळात चारचौघांत मिसळणारी होती, त्यांना इंटरनेटचा फायदा झाला. अंतर्मुख माणसांच्या वाट्याला फायद्याऐवजी एकटेपणा आला. ज्याच्यापाशी माणसं आहेत त्याला पडदा आणखी माणसं देतो, ज्याच्यापाशी नाहीत त्याची उरलीसुरलीही कमी करतो. आत्याच्या वर्गातल्या त्या दोन मुलांची काळजी इथे पक्की होते. त्यांचं दुखणं फोनच्या आधीपासूनचं असतं, फोन ते वाढवतो.

दूर राहून नातं निभावणं महाराष्ट्राला नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणारा चाकरमानी वर्षातला बहुतेक काळ घराबाहेर असे. कोकणातलं घर मनीऑर्डरवर चालायचं. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर मजकुराला चार ओळींची जागा असायची. पैसे किती, ते कशाकशाला लावायचे, म्हातारीचं औषध, पोराची फी, गणपतीला येतो की नाही, एवढं त्यात मावायचं. अक्षरओळख नसलेल्या बाईला पोस्टमन ते वाचून दाखवायचा. या नवऱ्याचा चेहरा महिनोन्‌महिने दिसत नव्हता, तरी तो घरातला कर्ता होता, कारण चार ओळींत त्याला हिशोब द्यावा लागे आणि गणपतीला तोंड दाखवावं लागे. याउलट एकाच घरात, एकाच पंगतीला बसून, एकमेकांचं काही न लागणारी माणसंही असतात, तीही फोन यायच्या कितीतरी आधीपासून. माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस जिथे कुणाला तरी उत्तर देणं लागतो, जिथे त्याच्या न येण्याने कुणाचं तरी अडतं, तिथे तो खरोखर जगत असतो, मग मध्ये पडदा असो वा नसो. समतोल बघायचा तर तो तासांत बघू नये, या देण्याघेण्यात बघावा. रोज चार तास गेम खेळणारा मुलगा गटातल्या मित्रांना शब्द देत आणि पाळत असेल, आणि घरातही कुणी त्याच्यावर विसंबून असेल, तर तो सावरलेला आहे. अर्धाच तास रील बघणारा पण कुठेच कुणाला नको असलेला मुलगा सावरलेला नाही.

आत्या : हे फार सोयीचं झालं. जबाबदारी हाच तर तुमचा सापळा आहे. तूच मागे सांगत होतास, वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या दिवसांत मोठ्या मोहिमांना चाळीस-चाळीस माणसं एकदम लागायची. एक जण उठला की बाकीच्यांची मोहीम बोंबलते. मग घरात कुणी आजारी असलं तरी पोरगं उठत नाही, मित्रांना शब्द दिलाय म्हणतं. निक यी नावाच्या संशोधकाने अशा खेळाडूंच्या पाहण्या केल्या, तर आठवड्याला सरासरी बावीस तास, म्हणजे अर्ध्या नोकरीइतकं. माणसांच्या भिडेचा असा उपयोग करून घेणं मला तासांपेक्षा भयंकर वाटतं.

भाचा : आत्या, यातलं काहीच मी नाकारत नाही, उलट आतलं सांगतो. आमच्या धंद्यात रिटेन्शन नावाचा आकडा असतो. आज ज्यांनी गेम उतरवला, त्यातले सातव्या दिवशी किती परत आले, तिसाव्या दिवशी किती. तो वाढवायचे ठरलेले उपाय आहेत. रोज आलात तर बक्षीस, सलग सातव्या दिवशी मोठं बक्षीस, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून. चार दिवसांपुरता इव्हेंट, गेला की परत नाही. स्नॅपचॅटची स्ट्रीक बघ. दोघांनी चोवीस तासांत एकमेकांना स्नॅप पाठवायचाच, नाही तर नावापुढचा दिवसांचा आकडा जातो. वेळ संपत आली की तिथे वाळूचं घड्याळ दिसतं. मुलं भिंतीचा, छताचा फोटो काढून पाठवतात, फक्त आकडा राहावा म्हणून. परीक्षेच्या काळात मित्राला स्वतःचा पासवर्ड देऊन ठेवणारी मुलं आहेत, माझी स्ट्रीक तू सांभाळ म्हणून. त्या फोटोत मैत्री उरलेली नसते, हे मलाही दिसतं.

आत्याचा हा आक्षेप सगळ्यांत अवघड आहे, आणि भाच्याने दिलेल्या तपशिलातच त्याचं उत्तर आहे. बांधिलकी माणसाशी आहे की आकड्याशी, हे ओळखायचं कसं? सूट मागून बघावी. आईला बरं नाही, आठ दिवस येणार नाही, असं गटाला कळवलं तर पलीकडून काय येतं? माणसं असतील तर ती म्हणतील, जा, आम्ही बघतो, आई कशी आहे ते कळव. एखादा कुरकुर करेल, दुसरा त्याला गप्प करेल. आकडा असलं काही करत नाही, तो शून्यावर जातो. माणूस सूट देतो कारण उद्या त्यालाही ती लागणार असते. ज्या गटात सूट मागता येत नाही, मागितली तर हाकलून देतात, त्या गटात पडद्यामागे माणसं असली तरी ती आकड्यासारखी वागताहेत, आणि तिथून मुलाला बाहेर काढायला आईबापांनी मागेपुढे पाहू नये. ही कसोटी पडद्याबाहेरही तितकीच लागू पडते. आजारी मुलासाठी दोन दिवसांची रजा न देणारी नोकरीही माणसाला असंच वापरते, फक्त तिला आपण व्यसन म्हणत नाही.

याच मापाने कायद्यांकडे पाहिलं तर त्यांचा तोकडेपणा दिसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली. कर्जात बुडालेल्या घरांचा विचार केला तर ते योग्यच झालं. डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालच्या मुलांना बड्या समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली. एकाने पैशाची रेषा ओढली, दुसऱ्याने वयाची. आकड्याच्या धाकाने माणसाला रोज परत खेचण्याची जी यंत्रणा भाच्याने सांगितली, तिच्याकडे या रेषा थेट बघत नाहीत. आठ दिवस सुटीवर आहे असं सांगितलं तर खेळाडूचं काहीही बुडणार नाही, एवढी एक अट मुलांच्या प्रत्येक गेमला घातली तर रात्री बाराच्या बंदीपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल, असं माझं ठाम मत आहे. ती पाळणं कंपन्यांना अशक्य नाही. मोजणी चालू ठेवणाऱ्या ओळीशेजारी ती थांबवणारी ओळ लिहायची, एवढंच काम आहे.

आत्या : आणखी एक गोष्ट राहिली, ती तुम्ही दोघंही टाळताय. शरीर. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर नेदरलँड्सचा मित्र रिक्षा आणत नाही. शेजारी आणतो. मय्यत झाली की खांदा जवळचा माणूस देतो. त्या नॉर्वेच्या मुलाचंच बघ. त्याला कुशीवर वळवायला, भरवायला, श्वासाचं यंत्र सांभाळायला कुणीतरी रात्रंदिवस होतं ना?

होतं. आईवडील होते, काळजीवाहक होते, आणि त्यांच्या हातांवरच इबेलिनचं सगळं आयुष्य उभं होतं. इथे मला आत्यापुढे पूर्ण मान तुकवावी लागते. दोन्ही जगांतली बांधिलकी खरी असली तरी त्यांचं वजन सारखं नसतं. पडद्यावरच्या प्रत्येक तासामागे कुणीतरी स्वयंपाक करत असतं, पाणी भरत असतं, म्हाताऱ्याला औषध देत असतं, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत ते काम बाईच करते. मुलगा गेममध्ये गटाला किती धरून आहे याचं कौतुक करताना, त्याचं ताट कुणी उचललं हे विचारायलाच हवं. म्हणून समतोलाची अट मी अशी घालेन. पडद्यापलीकडे कितीही माणसं असोत, हाताच्या अंतरावर निदान एकाचं तरी काम तुझ्यावाचून अडलं पाहिजे. मग ते दळण आणणं असो, आजोबांना दवाखान्यात नेणं असो की धाकटीला गणित शिकवणं असो. वडगावच्या दीड तासात मुलांना अभ्यासच करायला लावत, ते मला थोडं अपुरं वाटतं. त्यातली दहा मिनिटं घरच्या एखाद्या कामाची असती तर भोंगा कधी बंद पडला तरी त्याचा परिणाम टिकला असता.

आत्या : आणि ते दोघं? ज्यांची ना इथे कुणी वाट बघतं, ना तिथे?

भाचा : ती मुलं आमच्या आकड्यांत सगळ्यांत चांगली दिसतात, आत्या. रोज येतात, कधी चुकत नाहीत. अशा मुलाचा आलेख बघून मीटिंगमध्ये आम्ही खूश होतो. हे बोलताना मला बरं वाटत नाही.

त्या मुलांपर्यंत सर्व्हर पोचणार नाही, माणसालाच जावं लागेल, आणि महाराष्ट्रात अशी माणसं आधीच आहेत. वर्गशिक्षिका हजेरीपटावर सलग गैरहजेरी पाहून घरी जाते, आशा सेविकेला वस्तीतलं प्रत्येक घर आतून माहीत असतं. त्यांच्या हाती एक वेगळा प्रश्न द्यायला हवा. किती तास खेळतोस, असं विचारलं की मूल खोटं सांगतं किंवा गप्प बसतं, कारण त्या प्रश्नात शिक्षा आधीच ठरलेली असते. तुझ्याबरोबर कोण कोण खेळतं, त्यांची नावं सांग, असं विचारावं. नावं आली, हा नागपूरचा, हिची दहावी आहे, याचे बाबा गेल्या महिन्यात वारले, असं मूल सांगू लागलं, तर तिथे माणसं आहेत. मग आईबापांनी त्यांच्याशी एकदा तरी बोलावं, आवाज ऐकावा, मुलाच्या बाकी मित्रांना घरी बोलावून चहा देतो तसं त्यांनाही घरात घ्यावं. अनोळखी माणसांकडून फसवणूक होण्याची भीती रास्त आहे, आणि तिच्यावरही याहून चांगला उपाय मला सुचत नाही, कारण फसवणाऱ्याला मुलाच्या आईशी बोलायचं नसतं. नावं आलीच नाहीत, मूल खेळाडूंचे क्रमांक आणि गुणच सांगत राहिलं, तर फोन काढून घेण्याची घाई करू नये. तो एकच आधार काढला तर त्याच्यापाशी काहीच उरणार नाही. आधी त्याच्यासाठी एखादं काम शोधावं, ज्याला वेळेवर तोच लागेल, आणि तो आला नाही तर कुणीतरी त्याच्या दारात येऊन, का नाही आलास, असं विचारेल.